खोल ड्रेनेज पुशिंगनं टाका, पण मातीच्या दाबाचा हिशेब लोकांसमोर ठेवा

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

रस्ते खोदाईवर आपल्या पेपरात दरवर्षी पत्रं येतात आणि ती खरीच असतात, नवीन डांबर पडलं की महिन्याभरात कुणीतरी येऊन चर मारतंय हे कोल्हापूरकराला काय नवीन नाही. त्यावर हल्ली बरेच जण म्हणायला लागलेत की मुंबईत करतात तसं रस्ता न फोडता जमिनीखालून पाइप ढकलून, म्हणजे पुशिंगनं, ड्रेनेज टाका. मला ही मागणी मनापासून पटते. जयंती नाला, दुधाळी नाला यातनं पंचगंगेत जाणारं मैलापाणी अडवून कसबा बावड्याच्या आणि दुधाळीच्या प्लांटला न्यायचं तर लाइनला सलग उतार पाहिजे, उतार पाहिजे म्हणजे लाइन पुढं पुढं खोल जाणार, आणि शुक्रवार पेठेतल्या बोळात किंवा महाद्वार रोडला आठ-दहा मीटर खोल उघडा चर मारायचा म्हणजे दोन्ही बाजूची घरं चरात घ्यायची. तिथं पुशिंगशिवाय इलाज नाही.

पण या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. एवढ्या खोलीवर त्या पाइपवर वरची माती किती दाब देणार, हे कोण ठरवणार, कशावरनं ठरवणार, आणि ठरवलेलं बरोबर निघालं का चूक हे कोण तपासणार?

माझी नोकरी सुरुवातीला उद्यमनगरात फाउंड्रीत झाली आणि पुढं बरीच वर्षं पाइप पुशिंगच्या साइटवर सुपरवायझर म्हणून गेली, हायवेखालनं, रेल्वेखालनं, गावाखालनं. मी डिझाइन करणारा इंजिनिअर नाही, पण डिझाइनवाल्यांच्या शेजारी बसून जे शिकलो आणि पिटात उभं राहून जे बघितलं ते सांगतो.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका टोकाला खोल खड्डा घ्यायचा, तो जॅकिंग पिट. मागं जाडजूड काँक्रिटची थ्रस्ट वॉल. तिला पाठ लावून हायड्रॉलिक जॅक पाइपला पुढं रेटतात, सगळ्यात पुढं शील्ड नाहीतर मशीन असतं ते माती कापतं, मक म्हणजे कापलेली माती मागं येते, एक पाइप आत गेला की दुसरा खाली सोडायचा, असं करत करत पलीकडच्या रिसीव्हिंग पिटात निघायचं. अमेरिकेत नॉर्दर्न पॅसिफिक रेलरोडनं १८९६ ते १९०० च्या सुमाराला रुळाखालनं पाइप असे ढकलले होते, म्हणजे पद्धत सव्वाशे वर्षं जुनी आहे. रस्त्यावरच्या माणसाला खाली काय चाललंय याचा पत्ताही लागत नाही, आणि हाच तिचा फायदा आहे आणि हीच तिची अडचण, कारण खाली काय चाललंय हे कुणाला दिसतच नाही.

आता दाबाचं. साधा माणूस म्हणेल त्यात काय, पाइपवर जेवढी माती तेवढं वजन. एक मीटर आतल्या व्यासाचा पाइप घ्या, बाहेरनं साधारण १.२ मीटर भरतो, वर दहा मीटर माती, घनमीटरला १.८ टन. म्हणजे चौरस मीटरला १८ टन. हा आकडा धरून पाइप डिझाइन केला तर कुणाला धोका नाही पण पाइप एवढा जाड आणि महाग होईल की पुशिंग परवडणारच नाही, आणि प्रत्यक्षात एवढा दाब सहसा येतही नाही. का येत नाही हे आपल्याकडच्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. सँड प्लांटच्या हॉपरमध्ये दोन पुरुष वाळू भरलेली असते, खालचं तोंड उघडलं तरी कधी कधी कणसुद्धा पडत नाही, वाळूनं आतल्या आत कमान धरलेली असते, अंगाखांद्यानं हॉपरच्या भिंतीला टेकून ती उभी राहते आणि मग पोरगं घण घेऊन बाहेरनं ठोकतं किंवा व्हायब्रेटर लावतात तेव्हा धाडकन सगळी खाली. जमिनीतही हेच होतं. पाइप जाताना आजूबाजूची माती जरा सैल होते, वरची माती किंचित खाली बसायला बघते, पण शेजारची न हललेली माती तिला घर्षणानं धरून ठेवते आणि वजनाचा मोठा भाग बाजूला जातो.

याचं गणित जुनं आहे. यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९५ ला धान्याच्या कोठीसाठी ते मांडलं. अमेरिकेत आयोवाच्या मार्स्टननं १९१३ ला चरात टाकलेल्या पाइपसाठी त्याच वाटेनं हिशेब दिला. आणि कार्ल टर्झाघी, ज्याला माती-यांत्रिकीचा जनक म्हणतात, त्यानं १९३६ ला वाळूच्या पेटीच्या तळाला एक झडप ठेवून ती हळूहळू खाली सोडली आणि वरचा दाब मोजला, तर झडप तिच्या रुंदीच्या एक टक्क्याच्या आसपास हलली एवढ्यातच दाब मूळच्या अगदी थोड्या हिश्श्यावर आला होता. पुढं १९४३ च्या त्याच्या ग्रंथात यावरनं बोगद्याचं सूत्र आलं आणि आज जगभर पाइप जॅकिंगचे, म्हणजे पुशिंगचेच, जे नियम आहेत, जर्मन असोत, इंग्लिश असोत, चिनी असोत, त्यातले बहुतेक याच सूत्राच्या पोटातनं निघालेत.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. खरी गोष्ट पुढं आहे आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण टेंडरच्या कागदात ती एका ओळीत संपवलेली असते.

वरचंच उदाहरण घ्या. दहा मीटर माती, घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांवर किती उतारापर्यंत न घसरता राहतात तो कोन) ३० अंश, चिकटपणा शून्य, पाणी नाही. टर्झाघीच्या पद्धतीनं, म्हणजे आडव्या आणि उभ्या दाबाचं गुणोत्तर एक धरून, उत्तर येतं चौरस मीटरला साधारण ४ टन. तेच गुणोत्तर निम्मं धरा, बाकी काही बदलू नका, उत्तर येतं ७ टनाच्या वर. आता जर्मन नियमाच्या वळणानं जा, गुणोत्तर निम्मंच राहू द्या, वरच्या मातीच्या खांबाची रुंदी थोडी कमी धरा आणि घर्षणकोनही निम्माच धरा, उत्तर १० टन. माती तीच, खोली तीच, पाइप तोच, आणि उत्तर चार, सात, दहा. मी कागदावर पेन्सिलनं केलेलं गणित आहे, कुणीही इंजिनिअरिंगच्या पोराला सांगून तपासून घ्या. यातला कुठलाही आकडा चुकीच्या सूत्राचा नाही, सगळी सूत्रं छापील आहेत. फरक पडतो तो काय धरलं त्यानं.

आणि खोल गेलं की हे अजून बिघडतं. दहाच्या जागी वीस मीटर माती घ्या. पूर्ण वजन झालं ३६ टन, तिसऱ्या हिशेबात उत्तर वाढून १३ च्या जवळ जातं, पण टर्झाघीच्या सूत्रात ते चारच्या चारच राहतं, हलतच नाही. आता टर्झाघीनं स्वतःच बघितलं होतं की झडप हलल्याचा परिणाम तिच्या रुंदीच्या साधारण अडीच पटीच्या वर पोचत नाही. आपल्या पाइपसाठी, दोन्ही बाजूची सैल झालेली माती धरून, ही रुंदी अडीच मीटरच्या आसपास येते, म्हणजे परिणाम सहा-साडेसहा मीटरपर्यंत, त्याच्यावरची माती जागची हललेलीच नाही. तरीही सूत्र वापरताना जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत सगळी माती सरकलीय आणि सगळ्या उंचीत घर्षण पूर्ण कामाला लागलंय असं धरलं जातं. उथळ लाइनला हे चालून जातं, खोल लाइनला खरा दाब आणि कागदावरचा दाब यात फट पडायची ती इथंच.

चिकटपणाचं तर विचारूच नका. टर्झाघीच्या सूत्रात माती चिकट असेल तर त्याची सूट मिळते. आपल्या उदाहरणात चिकटपणा चौरस मीटरला फक्त २.३ टनाच्या जरा वर धरला की सूत्राचं उत्तर शून्य येतं! म्हणजे दहा मीटर माती डोक्यावर आणि पाइपवर दाब शून्य. कोरड्या काळ्या मातीचा नमुना लॅबमध्ये नेला तर यापेक्षा किती तरी जास्त चिकटपणा मिळतो. तीच काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हाताचा कोपर जाईल एवढ्या भेगा पडतात, जूनमध्ये त्या भेगांतनं पाणी आत उतरतं आणि तिचा चिकटपणा किती उरतो हे शेतातनं चालत आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खाली मुरमातही तेच, एका हाताच्या अंतरावर घट्ट आणि दुसऱ्या हाताच्या अंतरावर भुसभुशीत. म्हणून जाणता डिझाइनर चिकटपणा धरताना हात आखडता घेतो, शंका असेल तर शून्यच धरतो. पण स्वस्तात काम बसवायचं असलं की पहिला हात याच आकड्याला लागतो, आणि रिपोर्टमध्ये तो खोटाही नसतो, लॅबमध्ये खरंच आलेला असतो. त्यामुळं कुणाला पकडताही येत नाही.

आता पाणी. कोल्हापूरसाठी मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. माती कमान धरते, पाणी धरत नाही. पाणी जेवढं उंच तेवढा पूर्ण दाब देतं, त्यात सूट नाही. आपल्या उदाहरणात पाण्याची पातळी जमिनीपर्यंत आली तर मातीचा भाग हलका होऊन टर्झाघीच्या हिशेबानं २ टनाच्या जरा वर उरतो पण पाण्याचे १० टन वर येऊन बसतात, म्हणजे चार होते तिथं बारा झाले. हे खरं आहे की पाणी पाइपला चारी बाजूंनी सारखं दाबतं आणि काँक्रिटचं कडं असा सारखा दाब चांगला सोसतं, त्यामुळं पाइप लगेच फुटेल असं मी म्हणत नाही. पण खणायच्या तोंडावर तेच पाणी माती घेऊन आत घुसतं, जॉइंटच्या रबरातनं झिरपतं, झिरपताना बारीक माती आणतं आणि ज्या कमानीच्या भरवशावर दाब कमी धरला त्या कमानीच्याच पायाची माती वाहून नेतं.

आणि आपल्याकडं पाणी किती चढतं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी, सुतारवाडा, ज्यांनी त्या दिवसात बघितलंय त्यांना मी काय सांगणार. २००५ पण लोक विसरलेले नाहीत. या भागात खोल लाइन टाकायची आणि पाण्याची पातळी उन्हाळ्यातली धरायची हे मला अजिबात पटणारं नाही.

असं कोण धरतं म्हणाल तर मी बघितलंय. दुसऱ्या एका गावातली साइट, नाव सांगत नाही. मातीचा रिपोर्ट आमच्या हातात आला त्यात बोअर (माती तपासायला पाडलेली भोकं) एप्रिलमध्ये घेतलेले, पाण्याच्या रकान्यात प्रत्येक बोअरला "पाणी लागले नाही". पिट घ्यायला मुहूर्त लागला तो पाऊस सुरू झाल्यावर. पाच मीटरवर मुरमाच्या थरातनं झरे सुटले, तीन पंप लावले तरी तळ दिसेना, पिटाच्या एका बाजूनं माती खचून शेजारच्या कंपाउंडची भिंत कलली. कोअर बॉक्स मी स्वतः उघडून बघितले होते, लाकडी खोक्यात ओळीनं मांडलेले खडकाचे तुकडे, आणि दोन खडकांच्या मधे हातभर जागा मोकळी, तिथं नुसती खडूनं खूण. म्हणजे तिथला थर एवढा मऊ होता की ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता, हातात काहीच आलं नव्हतं. रिपोर्टात त्या जागी लिहिलं होतं "मुरूम". जिथं दाबाचा हिशेब सगळ्यात नाजूक, नेमका तिथलाच नमुना नव्हता आणि तिथं अंदाजानं आकडा टाकलेला. कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, रकाना भरायचा होता तो भरला.

कोल्हापूरच्या पोटात तर असे थर जास्तच आहेत. वर काळी, मग पिवळट गाळमाती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि मुरमात अधेमधे गोल गोल धोंडे न कुजता राहिलेले, कातळाच्या दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबडा मातकट पट्टा ज्याला साइटवर रेड बोल म्हणतात, तो कोरडा असताना दगडासारखा आणि ओला झाला की फुगतो नि सुटतो. मशीनच्या खालच्या अर्ध्यात कातळ आणि वरच्या अर्ध्यात मुरूम आला तर दाब कुठल्या सूत्रानं काढायचा? वरचा मुरूम कटरच्या धक्क्यानं हिशेबापेक्षा जास्त सुटतो, खालचा कातळ हलत नाही, पाइपवर एका अंगानं भार येतो आणि काँक्रिटचा पाइप सगळ्यात लवकर तडकतो तो अशा असमान भारानंच.

त्यात जुनं शहर. आपलं गाव तळ्यांचं होतं. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, पाऊस झाला की ते अजून आठवण करून देतं. कपिलतीर्थावर आज मंडई आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तेव्हा जुन्या वस्तीचे थरावर थर निघाले. म्हणजे पेठांच्या खाली बरीचशी जमीन माणसानं भरलेली आहे, राख, विटा, खापऱ्या, गाळ. असल्या भरावात घर्षणकोन कुठल्या पुस्तकातनं घेणार? आणि वर उभे कोण, तर दगड-मातीच्या पायावरचे जुने वाडे. भरावात कमान नीट धरत नाही, धरली तरी वरनं गाड्यांचा हादरा, शेजारी कुणाचं तळघर, पाण्याचं चढणं-उतरणं यानं काही वर्षांत ती सैल होऊ शकते आणि मग कमी धरलेला दाब हळूहळू वाढत जातो. पाइप टाकला त्या दिवशी टिकला यावर समाधान मानून चालत नाही, ड्रेनेज लाइन पुढची पन्नास वर्षं टिकायला पाहिजे.

दाबाचा आकडा चुकला तर पाइप फुटणं ही पुढची गोष्ट, त्याच्या आधी काम अडकतं. पाइप रेटायला लागणारी ताकद म्हणजे तोंडावरचा विरोध अधिक पाइपच्या अंगाचं घर्षण. १.२ मीटरचा पाइप शंभर मीटर गेला की अंगाचं क्षेत्रफळ ३७५ चौरस मीटरच्या वर होतं. दाब सगळीकडनं ४ टन आणि घर्षण गुणक ०.३ धरला तर जोर लागतो ४५० टन, दाब १० टन असेल तर ११०० टनाच्या पुढं. थ्रस्ट वॉल पहिल्या आकड्यावर बांधली आणि खरा निघाला दुसरा, तर एक तर वॉल मागं सरकते नाहीतर पाइपचं तोंड चुरगळतं. मधे इंटरजॅक, म्हणजे लाइनच्या मधल्या पाइपांत बसवायचे जादा जॅक, बसवायचे का, किती बसवायचे, हेही याच आकड्यावर ठरतं, आणि पाइप आत गेल्यावर इंटरजॅक मागनं घालता येत नाही. अडकलेली लाइन सोडवायला शेवटी वरनं रस्ता फोडून खड्डा घ्यावा लागतो, ज्यासाठी पुशिंग केलं तेच पदरात.

यावर बेंटोनाइटचा उपाय आहे. फाउंड्रीत मोल्डिंगच्या वाळूला जे बेंटोनाइट लागतं तेच पाण्यात फेटून पाइपच्या बाहेरच्या फटीत दाबानं सोडतात, पाइप बुळबुळीत होतो, फट भरलेली राहते म्हणून वरची माती अंगावर बसत नाही, जोर निम्म्यावर आणि कधी त्याहून खाली येतो. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. फट चांगली भरली तर माती हलत नाही, जमीन कमी खचते हे चांगलंच, पण माती हलली नाही तर कमानही पूर्ण धरत नाही, म्हणजे सूत्रात कमानीची पूर्ण सूट घ्यायची आणि साइटवर फट पण पूर्ण भरायची हे दोन्ही एकदम हिशेबात बसत नाही. पेठेत घरं वाचवायची तर फट भरायलाच पाहिजे, मग दाबाच्या आकड्यात सूट कमी घ्या, पाइप जरा तगडा घ्या. इथं पैसे वाचवायचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग खरा दाब कळणार कसा? मोजून. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी १९८० नंतरच्या काळात खऱ्या कामांवर पाइपमध्येच प्रेशर सेल, म्हणजे दाब मोजायची उपकरणं, बसवून मापं घेतली. त्यात दिसलं की घट्ट चिकणमातीत भोक स्वतःच्या जोरावर उभं राहतं, पाइप नुसता तळाला घासत जातो, तिथं घर्षण पाइपच्या वजनाचं असतं आणि वरच्या मातीचा संबंध फार थोडा. सुट्या वाळूत चित्र एकदम वेगळं, माती सगळ्या अंगानं बिलगते. म्हणजे कुठलं सूत्र कुठं लागू हे जमीन ठरवते आणि जमिनीला विचारायचं तर मापं घ्यावी लागतात.

सेल महाग पडतात असं कुणी म्हणेल. सगळ्या पाइपांत नकोतच, प्रत्येक लाइनला दोन-तीन पाइप पुरे, जिथं थर बदलतात तिथं. आणि सेल नसले तरी एक माप फुकटात मिळतं, पॉवर पॅकवरचं, म्हणजे जॅकला तेलाचा दाब देणाऱ्या पंपावरचं, गेज. ऑपरेटर ते दिवसभर बघतच असतो. प्रत्येक पाइपला किती टन लागले हे वहीत लिहिलं आणि कागदावरच्या अंदाजाशेजारी मांडलं की आठवड्याभरात कळतं मातीचा दाब हिशेबाप्रमाणं येतोय का नाही. जोर अंदाजापेक्षा चढायला लागला की थांबायचं, बेंटोनाइट बघायचं, लाइन-लेव्हल बघायची, हिशेब परत करायचा. चांगल्या साइटवर अशी वही असते, पण काम संपलं की ठेकेदार ती घेऊन जातो. पुढच्या गल्लीत दुसरा ठेकेदार येतो आणि परत पहिल्यापासून अंदाज. एका शहरात दहा लाइनी झाल्या तरी शहराच्या हातात स्वतःच्या जमिनीचा एक आकडा राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून महापालिकेला आणि अशी कामं काढणाऱ्या प्रत्येक खात्याला माझी हात जोडून विनंती आहे. कोल्हापुरात खोल लाइन पुशिंगनं टाकायची ठरेल तेव्हा बोअर नुसते दोन पिटांच्या जागी घेऊन थांबू नका, मधल्या अंतरातही घ्या, आणि जिथं जुनं तळं किंवा ओढा होता तिथं तर नक्कीच. तळी कुठं होती हे पेठेतले म्हातारे लोक बोट ठेवून दाखवतील. बोअरमध्ये पाइप सोडून ठेवा आणि पाण्याची पातळी एक पावसाळाभर मोजा, डिझाइनला पुरातली पातळी धरा. दाब एकाच सूत्रानं काढून मोकळं होऊ नका, दोन-तीन पद्धतींनी काढा, फरक किती येतो ते लिहा आणि कुठला आकडा का घेतला त्याचं कारण खाली लिहा. चिकटपणा धरला असेल तर कुठल्या महिन्यातल्या नमुन्यावरनं धरला तेही. आपल्या गावात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, सिव्हिलची पोरं दरवर्षी प्रोजेक्टला विषय शोधत हिंडतात, त्यांना ही मापं द्या, ती वापरून आपल्या काळ्या मातीचं, आपल्या मुरमाचं गुणोत्तर किती धरायचं हे आपलं आपण ठरवता येईल, जर्मनीचं किंवा जपानचं उसनं आणायची गरज पडणार नाही.

यानं खर्च वाढेल का? थोडा वाढेल. बोअर वाढले, पावसाळाभर थांबावं लागलं, थोडे सेल बसवले. पण अडकलेलं एक मशीन वर काढायला, खचलेला रस्ता आणि तडे गेलेली घरं दुरुस्त करायला जे जातं त्याच्यापुढं हा खर्च काहीच नाही, आणि घरात राहणाऱ्या माणसाच्या जिवाचा घोर तर पैशात धरताच येत नाही.

अजून एक, हे माझ्या बरोबरीच्या कामगारांसाठी. लहान कामांना आजही मशीन न लावता माणूस पाइपच्या तोंडाशी बसून फावड्यानं माती काढतो. त्याच्या समोरच्या मातीला कशाचाच आधार नसतो आणि वरच्या कमानीचा अंदाज चुकला तर ती त्याच्या अंगावर येते. खोल, पाण्याखालच्या किंवा भरावातल्या लाइनला हातानं खोदाई करायला टेंडरमध्येच मनाई असावी. तिथं तोंडावर दाब धरून ठेवणारं मशीनच पाहिजे, लाइन कितीही छोटी असली तरी.

कामाच्या ठिकाणी बोर्ड लावतात, त्यावर योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत असते. त्याखाली चार ओळी वाढवायला काही अवघड नाही: हिशेबातला मातीचा दाब किती, पाण्याची पातळी कुठली धरली, जॅकिंगचा अंदाज किती टन, आणि काल प्रत्यक्षात किती टन लागले. शेवटची ओळ रोज खडूनं बदलायची, ते पिटावरचा सुपरवायझर करू शकतो, मी सांगतो ना, दोन मिनिटांचं काम आहे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर